क्रेडिटचा माणूस परवडणाऱ्या घरांच्या कामात आला तर नेमकं काय करतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही सीए आहात, ९ वर्षं बँकेत कॉर्पोरेट क्रेडिटला, म्हणजे कंपन्यांना कर्ज द्यायचं की नाही ते तपासण्यात, काढलीत, आता परवडणाऱ्या घरांच्या आणि देणगीच्या पैशाच्या कामात यायचंय, पण तिकडे गेल्यावर फायनान्सचं ज्ञान गंजून जाईल का, पगार किती खाली येईल, आणि आधी फाउंडेशनमध्ये, म्हणजे देणगी देणाऱ्या संस्थेत, जावं की घरांसाठी कर्ज देणाऱ्या हाउसिंग फायनान्स कंपनीत. मी या कामात २२ वर्षं आहे, पहिली ११ छोटी होम लोन्स देणाऱ्या कंपनीत क्रेडिटला आणि नंतरची ११ देणगीदारांचा पैसा घरांच्या कामात लावायला, म्हणून जरा लांबच लिहिते, चहा घेऊन बसा.

ज्ञान गंजत नाही. उलट कॉर्पोरेट क्रेडिटमध्ये जे तुम्ही एक्सेलवर करता ते इथे पायाने करावं लागतं.

आधी प्रश्न काय आहे ते नीट समजून घ्या, कारण मीसुद्धा सुरुवातीला चुकीचं समजून आले होते. मला वाटायचं घरं कमी आहेत, बांधली की झालं. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरी भागातली घरांची टंचाई काढली ती साधारण १ कोटी ८८ लाख, आणि त्यातली ९५ टक्क्यांच्या वर गरीब आणि अल्प उत्पन्न गटातली. पण त्या आकड्याच्या पोटात बघा. त्यातले सुमारे दीड कोटी असे, की घर आहे पण त्यात दाटी आहे, म्हणजे लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नाही. अजिबात घरच नाही असे सव्वापाच लाखांच्या आसपास. आणि २०११ च्या जनगणनेत त्याच शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी, कुलूप लावलेली. हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की कळतं की खूप कुटुंबांना नवा फ्लॅट नकोच आहे, त्यांना आहे त्या घरावर अजून एक खोली हवीय, पत्र्याच्या जागी स्लॅब हवाय, घरात संडास हवाय. त्यासाठी दोन ते पाच लाख लागतात आणि ते द्यायला बँक तयार नसते, कारण रक्कम छोटी, कागद अपुरे आणि माणसाकडे सॅलरी स्लिप नाही.

सॅलरी स्लिप हा शब्द लक्षात ठेवा. १९७० मध्ये घरबांधणीला कर्ज देणारी सरकारी कंपनी हुडको आली, १९७७ मध्ये हसमुख पारेखांनी होम लोन देणारी एचडीएफसी सुरू केली, १९८८ मध्ये अशा कंपन्यांना पैसा पुरवणारी नॅशनल हाउसिंग बँक आली, आणि त्यामुळे नोकरदार माणसाला रिटायर होईपर्यंत न थांबता तिशीत घर घेता यायला लागलं, हे फार मोठं काम झालं, त्याआधी लोक फंडाच्या पैशातून आणि बायकोच्या दागिन्यांतून म्हातारपणी घर बांधायचे. पण ती सगळी यंत्रणा पगाराच्या कागदावर उभी. जो आठवड्याला रोख पगार घेतो, जी डबे करते, जो भाजीची गाडी लावतो, तो बाहेरच राहिला. त्या माणसाचं उत्पन्न वाचता येणं ही या क्षेत्रातली पहिली खरी कला, आणि ती कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

एक भेट सांगते. इचलकरंजीत एक ताई, नवरा यंत्रमागावर, ती स्वतः घरून डबे करते. जागा नावावर, त्यावर वरची खोली बांधायला ५ लाख हवे होते. नवऱ्याचा पगार आठवड्याला रोख, मंदी आली की माग एका पाळीवर येतात आणि पगार उतरतो. ताई म्हणाल्या, मी २२ डबे करते. आता हे खरं धरायचं कसं? आमच्या फील्ड ऑफिसरने डब्यांची वही मागितली, ती होती, पण वही कोणीही लिहू शकतं. मग त्याने गॅसच्या टाक्यांच्या पावत्या मागितल्या. महिन्याला किती टाक्या लागतात यावरून किती डबे होतात याचा अंदाज येतो, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं की पीठ किती जातं, आणि दोन्ही आकडे १८ ते २० डब्यांच्या मध्ये आले. म्हणजे ताई खोटं बोलत नव्हत्या, त्या चांगल्या महिन्याचा आकडा सांगत होत्या, आपण सगळे तेच करतो. त्यानंतर निघाली भिशी. दोन भिश्या, प्रत्येकी २,००० रुपये महिना, तीन वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. आणि जवळच भाड्याने घेतलेली एक खोली होती तिचे ३,५०० जात होते, जी वरची खोली झाली की सोडायची होती. म्हणजे हे घर महिन्याला ७,५०० रुपये आधीपासूनच शिस्तीत बाजूला काढत होतं.

५ लाखांवर १३ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता येतो साधारण ६,३२५. बसतो. पण आम्ही तो सरासरी महिन्यावर नाही बसवला, वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यावर बसवून बघितला, माग एका पाळीवर आणि शाळांना सुट्टी लागल्यामुळे डबे १२, अशा महिन्यावर, आणि तिथे ओढाताण होत होती. म्हणून कर्ज साडेचार लाख केलं आणि एक भिशी उचलून पन्नास हजार त्यांनी स्वतःचे घातले. हा पन्नास हजारांचा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल, पण कुटुंब तरेल की बुडेल ते तिथेच ठरतं. तुम्ही ५०० कोटींच्या कंपनीचं वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्याला लागणारा पैसा, बघता ना, अगदी तेच आहे हे, सायकल बघायची, पैसा कुठल्या महिन्यात आटतो ते बघायचं.

आता तुम्ही विचाराल १३ टक्के का, बँक तर समजा ९ ने देते. बरोबर आहे, त्याच ५ लाखांना ९ टक्क्यांनी हप्ता ५,०७० च्या आसपास पडतो, म्हणजे महिन्याला साडेबाराशेचा फरक, त्या घरात तो एका पोराच्या क्लासचा खर्च आहे. पण कंपनी तरी काय करणार, तिला स्वतःलाच पैसा महाग मिळतो, आणि ५ लाखांच्या कर्जाला सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीची तपासणी), टेक्निकल व्हिजिट (इंजिनिअरची पाहणी), घरी दोन भेटी, वसुलीची माणसं हे सगळं ५० लाखांच्या कर्जाइतकंच लागतं. शिवाय जोखीम जास्त असते अशी भीती. ती किती खरी आणि किती नुसती भीती हे वेगळं करणं, इथून देणगीच्या पैशाचं काम सुरू होतं.

आणि इथे माझं ठाम मत आहे, बऱ्याच देणगीदारांना पटत नाही तरी सांगते. देणगीचा पैसा शक्यतो घर बांधायला घालू नये, बँकेचा पैसा जिथे जायला घाबरतो तिथे आधी उभं राहायला घालावा. हिशोब बघा. १ कोटी देणगी आहे, ५ लाखांची एक खोली धरली तर २० खोल्या होतात, फोटो छान येतात, पैसा संपला. तोच १ कोटी १० कोटींच्या कर्जांमागे पहिला तोटा सोसायला ठेवला, म्हणजे कर्जं बुडाली तर पहिले १ कोटी आमचे जातील असं कंपनीला लिहून दिलं, तर त्याच ५ लाखांच्या हिशोबाने २०० कुटुंबांना कर्ज मिळतं, आणि समजा १० कोटींपैकी २० लाख खरंच बुडाले तर उरलेले ८० लाख पुन्हा पुढच्या कर्जांमागे उभे राहतात. वर कंपनीकडून व्याजदर कमी करून घ्यायचा, नुसती गॅरंटी देऊन दर तसाच राहिला तर तुम्ही गरिबाला नाही, कंपनीला देणगी दिलीत. ही वाटाघाट करायला समोरच्याची बॅलन्स शीट वाचता येणारा माणूस लागतो. म्हणून तुमची गरज आहे.

दुसरी जागा म्हणजे मधला खड्डा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २०१५ ला आली, त्यात स्वतःच्या जागेवर स्वतः बांधणाऱ्याला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख असे अडीच लाख. पण पैसे टप्प्याने येतात, काम इतकं झालं की त्याचा जिओ टॅग केलेला, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो चढवायचा, मग पुढचा हप्ता. आता ज्याच्याकडे पाया काढायलाच पैसे नाहीत त्याने पायाचा फोटो कुठून आणायचा? जुनं घर पाडलेलं, सामान ताडपत्रीखाली, पावसाळा तोंडावर, आणि मंजुरीचा कागद खिशात. अशा वेळी माणूस सावकाराकडे जातो आणि अनुदानाचे पैसे व्याजात जातात. इथे ६०-७० हजारांचा फिरता निधी, जो सरकारी हप्ता आला की परत येतो आणि पुढच्या कुटुंबाला जातो, तो जे काम करतो ते मोठमोठ्या देणग्यांनी होत नाही. आमच्याकडे एकच रक्कम वर्षात दोनदा फिरायची. पण ती फिरायला नगरपालिकेतल्या बाबूंकडे हप्त्यांची तारीख विचारत रोज फोन करणारा माणूस लागतो, आणि त्याचा पगार द्यायला देणगीदार तयार नसतात!

व्याज अनुदानाचंही तसंच. आधीच्या योजनेत गरीब आणि अल्प उत्पन्न गटाला ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार, थेट मुद्दलात जमा व्हायचे आणि हप्ता लगेच उतरायचा, ती २०२२ च्या मार्चमध्ये संपली. २०२४ च्या नव्या योजनेत पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पण ते पाच वार्षिक हप्त्यांत येतात आणि कर्जखातं चालू असलं तरच. त्यामुळे फाइल करताना अनुदान मिळेलच असं धरून हप्ता बसवू नका, अनुदान नाही आलं तरी हप्ता झेपला पाहिजे. मी हे नवीन मुलांना दहा वेळा सांगते.

कायद्याचं थोडं. सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजाच्या कामाला द्यायचा पैसा, २०१४ पासून आहे, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के, आणि झोपडपट्टी भागाचा विकास हा विषय त्याच्या यादीत आहे. पण सीएसआरचा पैसा खर्च व्हावा लागतो, गॅरंटी म्हणून बाजूला ठेवला तर तो खर्च धरत नाहीत, आणि २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम ठेवीत, टाकला तरी धरत नाहीत. कंपनीला स्वतःच्या सीएसआरच्या प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. परदेशी देणगी असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ती एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे मोठ्या संस्थेने घेऊन छोट्यांना वाटायचं हे मॉडेल बंद. धर्मादाय ट्रस्टने शिल्लक पैसा कुठे गुंतवायचा याची आयकर कायद्यात ठरलेली यादी आहे, कोणाही कंपनीला कर्ज द्या असं होत नाही. अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनने १९६८ पासून देणगीऐवजी कर्ज आणि गॅरंटी द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या कायद्याने त्याला वाट करून दिली, आपल्याकडे तशी सरळ वाट नाही. म्हणून कुठला पैसा कुठल्या कामाला लावायचा हे जुळवावं लागतं, सीएसआरमधून इंजिनिअरची फी आणि लोकांना कागद करून देण्याचा खर्च, कुटुंबाच्या खासगी संपत्तीतून गॅरंटी, कंपनीकडून कर्ज. ही जुळवाजुळव म्हणजेच लोक ज्याला ब्लेंडेड फायनान्स म्हणतात ते, नाव भारी आहे पण काम बरंचसं टर्म शीट (व्यवहाराच्या अटींचा कागद) आणि फोनवरचं आहे.

वाचायचं असेल तर दोन कामं जवळून बघा. मुंबईत १९८४ पासून स्पार्क ही संस्था आणि तिच्या बरोबरीने जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन, फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी रोजची बचत करून त्यावर घराची बोलणी सुरू केली, आणि १९९४ पासून अहमदाबादचा महिला हाउसिंग सेवा ट्रस्ट. आणि तिसरं, संस्थेचं नाही तर कंपनीचं उदाहरण, गृह फायनान्स, १९८६ ची, छोट्या गावांत छोटी कर्जं देत राहिली, २०१९ मध्ये बंधन बँकेत विलीन झाली. गरिबाला कर्ज दिलं की बुडतं म्हणणाऱ्याला मी गृहचं नाव सांगते.

आता माझी चूक, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. बिल्डरांवर लगाम घालणारा रेरा कायदा यायच्या आधीची गोष्ट. शहराबाहेर एका बिल्डरचा छोट्या फ्लॅट्सचा प्रोजेक्ट होता, दर चांगला, आम्ही जवळपास ४० कुटुंबांना कर्ज मंजूर केलं, आणि बिल्डरचं डिमांड लेटर आलं की स्लॅबप्रमाणे पैसे सोडत गेलो. कुटुंबांची फाइल मी बारीक बघितली होती, बिल्डरची नाही. तिसऱ्या स्लॅबला काम थांबलं ते दोन वर्षं. आता ही माणसं जुन्या खोलीचं भाडंही भरतायत आणि आमचा प्री-ईएमआयही, म्हणजे घर ताब्यात यायच्या आधीचं नुसतं व्याज, भरतायत, दोन्ही. एक रिक्षावाले काका दर महिन्याला पाच तारखेला स्वतः ऑफिसात येऊन पैसे भरायचे, एकदा पावती घेताना त्यांनी विचारलं, मॅडम, मी भरतोय ते कुठल्या घराचं? मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा एक हप्ता चुकला नाही आणि आमच्या रिपोर्टमध्ये ते खातं उत्तम म्हणून दिसायचं. त्या दिवसापासून मी एनपीएच्या, म्हणजे ९० दिवसांच्या वर थकलेल्या कर्जांच्या, आकड्यावर विसंबून कुठलाही पोर्टफोलिओ चांगला म्हणत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, त्याने बराच फरक पडलाय, तरी साइटवर स्वतः गेल्याशिवाय पैसे सोडू नका. सिमेंटच्या गोण्या किती आहेत आणि कामगार किती आहेत ते मोजायला दहा मिनिटं लागतात.

नाही म्हणता आलं पाहिजे, हेही त्याच अनुभवातून. या क्षेत्रात चांगल्या मनाचे लोक खूप आहेत आणि त्यांना नाही म्हणायला जड जातं, मग ज्याला झेपणार नाही त्यालाही कर्ज मिळतं आणि पाच वर्षांनी त्याचं होतं ते घरही जातं. झेपत नसेल तर आज नाही, सहा महिने एवढी बचत करून दाखवा आणि परत या, असं सांगायचं, आणि सहा महिन्यांनी खरंच फोन करायचा.

अजून एक छोटी गोष्ट. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर खरेदी असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, त्यामुळे नावं लागतात हल्ली, चांगलं आहे. पण साठेखतावर, म्हणजे घरखरेदीच्या करारावर, सही करताना तिला ते कोणी वाचून दाखवत नाही. तुम्ही दाखवा. अर्धा तास जातो.

करिअरचं सरळ सांगते. आधी फाउंडेशनमध्ये जाऊ नका. दोन-तीन वर्षं परवडणाऱ्या घरांची कर्जं देणाऱ्या कंपनीत जा, आणि हेड ऑफिसला नाही, शाखेच्या क्रेडिटला, वसुलीसकट. तिथे पगार तुमच्या आत्ताच्या पगाराच्या फार खाली येणार नाही. फाउंडेशन किंवा संस्थेत आलात की येतो, माझा जवळपास निम्म्यावर आला होता, घरचं स्वतःचं कर्ज आधी फेडून टाकलं होतं म्हणून जमलं, तुमच्यावर मोठा हप्ता असेल तर तो आधी उतरवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी चिडचिड सुरू होते आणि ती कामात उतरते. शाखेचा अनुभव मी एवढा धरून का बसते, तर ज्याने कधी वसुलीला दार वाजवलं नाही तो गॅरंटीची टर्म शीट लिहितो तेव्हा कागदावर सगळं सुंदर असतं आणि पहिलं कर्ज थकलं की कोणालाच माहीत नसतं की आता काय करायचं.

मग फाउंडेशनच्या मुलाखतीला गेलात की उलट तुम्हीच विचारा, गॅरंटी वापरायची वेळ आली तर निर्णय कोण घेतो आणि किती दिवसांत. घर दिल्यावर तीन वर्षांनी त्या घरात तेच कुटुंब राहतंय का हे तुम्ही बघता का, की नुसती घरांची संख्या मोजता. फील्डवरच्या माणसाचा पगार कुठल्या हेडमधून देता. उत्तर गुळमुळीत आलं तर पगार कितीही चांगला असो, थांबा.

आणि राजीनामा लगेच नको. तुमच्या गावात अशा कंपनीची शाखा असेलच, मॅनेजरला भेटा, सांगा की चार शनिवार तुमच्या फील्ड ऑफिसरबरोबर फिरायचंय, बहुतेक जण हो म्हणतात. जाताना लॅपटॉप नको, वही घ्या. घरात गेल्यावर उत्पन्नाचं लगेच विचारू नका. आधी घर बघा, छत कशाचं आहे, पाणी कुठून येतं, रात्री कोण कुठे झोपतं ते विचारा, मग भिशी आहे का विचारा, आणि सगळ्यात शेवटी किती कमावता ते.